गाडी विकली, पण आरसीवर नाव कोणाचे?

कापडाच्या कारोबारात माल दुकानातून उचलला गेला, बिल झाले, रक्कम जमा झाली, की आपला त्या मालाशी संबंध संपतो. पुढे त्या तागाचे काय झाले हे विचारायला कोणी आपल्या दारी येत नाही. मोटारगाडीचा हिशेब मात्र निराळा आहे. गाडी दुसऱ्याच्या दारात उभी, चावी दुसऱ्याच्या खिशात, पैसे पुरते चुकते, आणि तरीही अपघाताच्या दाव्यात मालक म्हणून तुमचेच नाव, असे घडू शकते. नव्हे, घडतेच. आमच्या मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या बाजारातील किती तरी बांधवांना हा फरक माहीत नसतो, आणि ज्यांना माहीत असतो ते "होईल पुढे" म्हणून टाळतात. म्हणून या वेळी सूत आणि ग्रे कापडाचे भाव बाजूला ठेवून आम्ही गाडीच्या कागदांवर लिहीत आहोत.

आपल्याकडे जुना टेम्पो किंवा छोटा हत्ती कसा विकला जातो ते पाहा. दलाल येतो, भाव ठरतो, बयाना दिला जातो. उरलेली रक्कम मिळाली की विकणारा 'टीटीओचा सेट', म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, कोऱ्यावर सही करून देऊन टाकतो. घेणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी, तारखेची जागाही रिकामी. तो सेट गाडीबरोबर या हातातून त्या हातात फिरतो. दलालाला हे सोयीचे पडते. त्याचा नाव चढवण्याचा खर्च वाचतो. शिवाय आरसीवर मालकांची संख्या वाढली की गाडीचा भाव पडतो, म्हणून मधल्या कोणालाच आपले नाव लागायला नको असते. सोय सगळ्यांची होते. जोखीम तेवढी ज्याचे नाव आरसीवर राहिले त्याच्या माथी.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यात नोंदलेली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आपल्या भागातील आरटीओकडे आपले नाव लावून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. जबाबदारी दोघांवर आहे. "ज्याने घेतली तो बघून घेईल" ही समजूत चुकीची आहे. त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये मालक कोण याची व्याख्या दिली आहे : ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. अपवाद अज्ञान मुलाचा, तेथे पालक मालक. दुसरा अपवाद हप्त्याच्या किंवा तारणाच्या कराराखालील गाडीचा, तेथे करारानुसार ज्याच्या ताब्यात गाडी आहे तो मालक.

या व्याख्येवर सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एक निकाल दिला. तो प्रत्येक गाडीवाल्याने समजून घेण्यासारखा आहे. त्या खटल्यातील गाडी पहिल्या मालकाने २००७ साली विकली होती, असे त्याचे म्हणणे होते. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. २००९ साली अपघात झाला. एक जण दगावला. गाडीचा विमा नव्हता आणि आरसीवर नाव पहिल्याचेच होते. न्यायालयाने सांगितले की अपघातग्रस्ताच्या घरच्यांनी विक्रीची साखळी शोधत फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही. नोंद ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. मग भले गाडी त्याने दोन वर्षांपूर्वी विकलेली असो.

आमच्या ओळखीच्या एका सूत व्यापाऱ्याकडे अशीच एक नोटीस आली. टेम्पो विकून बराच काळ लोटला होता, नोटीस परजिल्ह्यातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची होती. बिचाऱ्याने कपाटातून स्टॅम्प पेपर काढला, दोन साक्षीदारांच्या सह्या दाखवल्या. स्टॅम्प पेपर अगदीच निकामी नसतो. ज्याला गाडी विकली त्याच्याशी भांडायला तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पण ज्याचा कमावता माणूस गेला त्याच्या दाव्यापुढे तो ढाल होत नाही. आधी भरपाई भरा, मग वसुलीसाठी स्वतंत्र लढा, अशी पाळी येते. लूमवर चार माणसे ठेवणाऱ्या कारखानदाराचा एका निकालात गल्ला रिकामा होऊ शकतो.

तेव्हा विकणाऱ्याने काय करावे? कोऱ्या फॉर्मवर सही करू नये, हे पहिले. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला द्यायची खबर आहे. ती देण्यासाठी घेणाऱ्याच्या मर्जीची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यावर घेणाऱ्याचे पूर्ण नाव-पत्ता व विक्रीची तारीख भरून ती दाखल करावी आणि पोच जपून ठेवावी. गाडी ताब्यात देताना तारीख आणि वेळही लिहून, सही घेऊन ठेवावी. हल्ली चौकाचौकांतले कॅमेरे दंडाची पावती मिनिटासह फाडतात. संध्याकाळी चारला गाडी दिली आणि सहाला घेणाऱ्याने सिग्नल तोडला, तर तो दंड कोणाचा हे त्या चिठ्ठीवरून दाखवता येते. आणि शक्यतो, पैशाचा शेवटचा हिस्सा घेणाऱ्याबरोबर कागद दाखल करतानाच घ्यावा. घेणारा नाराज होतो, होऊ द्यावे.

जुन्या गाड्यांच्या डीलरला गाडी देणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवा नियम लागू झालेला आहे. आरटीओकडून अधिकारपत्र घेतलेल्या डीलरला गाडी सोपवताना फॉर्म २९-सी ने तशी खबर द्यायची, आणि त्यानंतर गाडी त्याच्याकडे असेपर्यंत तोच मालक मानला जातो. म्हणून डीलरला आधी अधिकारपत्र दाखवायला सांगावे. चहा पाजतो म्हणून तो अधिकृत असतो असे नाही.

आता घेणाऱ्याची बाजू. सूरतहून टेम्पो स्वस्त मिळतो म्हणून आणणारे आपल्यात बरेच आहेत. स्वस्ताईचा हिशेब घरी आल्यावर उलटतो. परराज्यातील गाडीला तेथील आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. येथे १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि येथला कर भरावा लागतो. कराचा हा आकडा भाव ठरण्यापूर्वी काढावा, नंतर नव्हे. गाडी आठ वर्षांहून जुनी असेल तर मालवाहू गाडीला २०१० पासून पर्यावरण करही आहे, आणि तेव्हापासून फिटनेस दर वर्षी करून घ्यावे लागते. त्याआधी ते दोन-दोन वर्षांनी असते.

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का ते बघावे. "हप्ते संपले आहेत" हे तोंडी सांगणे पुरेसे नाही. फायनान्सवाल्याच्या सहीचा फॉर्म ३५ आणि त्याची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेल्या दंडाच्या पावत्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का तेही बघावे. त्यासाठीची मुदत २०२५ सालात वारंवार वाढवली गेली म्हणून पुष्कळांनी ते काम अंगाबाहेर टाकले. आणि चेसिसचा नंबर आरसीशी स्वतः डोळ्यांनी ताडून पाहावा. तागाचे माप आपण दुसऱ्याच्या गजावर सोडत नाही, मग येथे का सोडावे?

विम्याबाबत एक मोठा गैरसमज आहे. गाडी विकली की विमाही आपोआप घेणाऱ्याकडे गेला असे लोक मानतात. हे अर्धेच खरे आहे. तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाच्या नुकसानीचा विमा कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर जातो. पण खुद्द गाडीच्या नुकसानीचा विमा जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९५ सालीच स्पष्ट केलेले आहे. घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. नाही तर गाडी चोरीला गेली की कंपनी विचारणार, तुमचा आमचा करार कोठे आहे? नो क्लेम बोनसची सवलत मात्र माणसाची असते, गाडीची नव्हे. विकणाऱ्याने ती आपल्या पुढच्या गाडीसाठी मागून घ्यावी.

विम्याची गोष्ट निघाली आहे तर कापडवाल्यांसाठी आणखी एक. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत गाडीचा वापर कशासाठी चालेल हे छापलेले असते. त्यात माल वाहून नेणे बसत नाही, अपवाद फक्त नमुन्यांचा आणि अंगाबरोबरच्या सामानाचा. म्हणजे सॅम्पलची बॅग घेऊन मुंबईला जायला हरकत नाही. मागची सीट काढून लुंगीचे गठ्ठे भरले, तर नुकसानभरपाई नाकारायला कंपनीच्या हाती आयते कारण मिळते.

ड्रायव्हरच्या लायसन्सवरून होणारी अडवणूक मात्र कमी व्हायला हवी. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या मोटारीचे लायसन्स चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले होते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कायम केले. पण दुकानातल्या पोरसवद्या मुलाच्या हाती स्कूटर देणाऱ्यांनी कलम १९९-अ विसरू नये : अज्ञान मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदही बारा महिने रद्द होते.

शेवटी वारसांचा प्रश्न. वडील वारले, गाडी त्यांच्याच नावावर आणि मुलगा वर्षानुवर्षे ती चालवतो आहे, असे घरोघरी दिसते. नियमाप्रमाणे वारसाने ३० दिवसांच्या आत मृत्यूची खबर आरटीओला द्यावी. मग त्याला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच मुदतीत फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यायचे असते. भाऊ-बहिणींची संमती लागते, आणि ती तेव्हाच मागितली तर बहुधा मिळते. वाटणीचे वाद सुरू झाल्यावर टेम्पो अंगणात गंजतो. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचे नाव लावण्याची सोय झाली आहे. ज्यांच्या गाडीवरच घरची चूल पेटते त्यांनी ते नाव आजच लावून घ्यावे.