पन्हाळ्यावरून टिपलेला न दिसणारा उजेड

पन्हाळ्याला सहल गेली की आपण तीन दरवाजा बघतो, अंबरखाना बघतो, सज्जाकोठीत दंगा करतो आणि खाली उतरतो. पण याच पन्हाळ्यावरून शास्त्रज्ञांनी रात्रीच्या आभाळातला एक न दिसणारा उजेड कॅमेऱ्यात पकडला. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकाचा त्यावरचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. गुरुजींनी हे सांगितल्यावर मला पहिल्यांदा खरंच वाटेना.

हा उजेड येतो कुठनं? सुमारे ८७ किलोमीटर उंचीवर हायड्रोजनचे अणू ओझोनला भिडतात. त्यातून हायड्रॉक्सिल तयार होतो आणि तो मंद प्रकाश टाकतो. हा प्रकाश बहुतेक अवरक्त, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा असतो. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही. घरी टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबून बघा. पुष्कळ मोबाइलमध्ये जांभळट ठिपका दिसतो. तोही अवरक्तच!

खाली ढग गडगडले किंवा वारा डोंगरावर आदळला, की हवेत लाटा उठतात आणि वर चढतात. तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. वरच्या उजेडात त्यांचे पट्टे उमटतात. खालच्या वादळाचा जोर वर किती पोचतो, हे त्यावरून समजतं.

पण पट्टे फारच फिके असतात. एका फोटोवर भरवसा ठेवता येत नाही, कारण त्यात चांदण्या असतात, आकाशगंगा असते, गावातल्या दिव्यांचा उजेडही असतो. म्हणून बिनचांदण्याच्या, निरभ्र रात्री ओळीनं फोटो काढतात. (पावसाळ्यात नावच नको!) सगळ्या फोटोंचा सरासरी उजेड काढून प्रत्येकातून वजा करतात. जे जागचं हलत नाही, ते पुसलं जातं. चांदण्या आभाळाबरोबर ठरलेल्या चालीनं सरकतात, त्याही ओळखू येतात. मागे उरून जे स्वतःच्या चालीनं, एकाच दिशेला, फोटोमागून फोटो सरकतं, ती लाट. समजा, पट्टा १० मिनिटांत १८ किलोमीटर सरकला, तर वेग किती? सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. एस.टी.सुद्धा मागे पडेल.

गावातले दिवे वर तोंड करून लावले, तर हे फिके पट्टे बुडून जातात. पालकांनी दिव्यावर टोपी बसवली, तर अंगणातही उजेड जास्त पडेल.

अवकाशातले बारके ठिपके शोधायचीही रीत अशीच. निओवाइज नावाच्या दुर्बिणीनं अवरक्त फोटोंत सरकणारा ठिपका हेरून २७ मार्च २०२० ला एक धूमकेतू शोधला. जुलैत तो नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला. आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा!