नीरेच्या पेल्यापासून संगणकापर्यंत



उन्हाळ्यात बोरीवलीच्या बाजारात ताडगोळे येतात. खाडी ओलांडून गोराईला गेलात आणि तेथून मनोरी-उत्तनच्या बाजूला वळलात, तर ताडामाडांची उंच झाडे तुम्हांला दिसतील. ताड, माड, शिंदी अशा झाडांपासून मिळणारा गोड, ताजा रस म्हणजे नीरा. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. उपनगरी स्टेशनांवरील नीरेची दुकाने आणि सकाळी कामावर जाताना प्यालेला थंडगार पेला त्यांना नक्की आठवत असेल.

ही नीरा मोठी नाजूक असते. रात्रभर मडक्यात ठिबकलेली नीरा सूर्योदयापूर्वी उतरवावी लागते. ती लवकर आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. एवढे करूनही ती उन्हात राहिली, तर दुपारपर्यंत फेसाळते, वास बदलतो आणि तिची ताडी होते. पेला तोच, रसही तोच. मग आत नेमके बदलले काय?

एखाद्या सजीव पदार्थाच्या थेंबात कोणकोणते रेणू आहेत, किती आहेत आणि वेळेबरोबर ते कसे बदलतात, हे शोधणाऱ्या शास्त्राला आज मेटॅबोलोमिक्स म्हणतात. पेशी अन्न मोडतात आणि त्यातून नवे पदार्थ जोडतात, हा चयापचय तुम्ही शाळेत शिकला आहात. त्यात भाग घेणाऱ्या साखरा, आम्ले, अमिनो आम्ले अशा सर्व लहान रेणूंची एकदम मोजदाद करायची, हे या शास्त्राचे काम. त्यातून माहितीचा जो डोंगर उभा राहतो, तो संगणकाच्या साहाय्याने उपसायचा, हे जैवमाहितीशास्त्राचे, म्हणजेच बायोइन्फर्मेटिक्सचे काम.

ही नावे नवी आहेत. ‘मेटॅबोलोम’ हा शब्द वापरात आला तो १९९८ च्या सुमारास. प्रश्न मात्र जुना आहे, आणि एका मराठी स्त्रीने त्यासाठी उभे आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

बंद दार

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा. माहेरचे आडनाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे विद्यार्थी. १९३३ साली रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान घेऊन कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी त्याच संस्थेत प्रवेश मागितला.

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिक मिळवलेले थोर शास्त्रज्ञ. त्यांनी नकार दिला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता! कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी रामन यांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष चाचणीचे राहील. संचालकांची खात्री पटेपर्यंत कामाला मान्यता मिळणार नाही. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. विचार करा, असे शब्द ऐकून तुमच्यापैकी कितीजण तेथे थांबले असते?

कमलाबाई थांबल्या. श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. १९३६ साली त्या एम.एस्‌सी. झाल्या. त्यांचे काम पाहून रामन यांनीही मत बदलले आणि संस्थेचे दार मुलींना उघडले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना त्यांना बटाट्यात सायटोक्रोम-सी हे प्रथिन आढळले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात; आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात ना, तसे. सायटोक्रोम-सी हा त्या रांगेतला एक गडी. कमलाबाईंचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. तो चौदा महिन्यांत पुरा झाला आणि १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

नीरेची तपासणी

मायदेशी परतल्यावर दिल्ली आणि कुन्नूर येथे काम करून त्या विवाहानंतर, १९४७ साली, मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. गरिबाच्या ताटात जे असते, त्यात पोषण किती, हा त्यांचा प्रश्न होता. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह आहे, आणि नीरा आटवून गूळ केला तरी ते घटक टिकतात, असे त्यांना दिसले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचेही नंतरच्या अभ्यासांत आढळले. या कार्यासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. बोरीवलीपासून जवळच असलेल्या आरे दूध प्रकल्पाच्याही त्या सल्लागार होत्या. त्याच इन्स्टिट्यूटच्या त्या पुढे संचालक झाल्या, पण स्त्री असल्यामुळे हे पद त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले, असे म्हणतात.

त्या काळी एकेका घटकासाठी वेगळी परीक्षा करावी लागे. लोहाची एक, जीवनसत्त्वाची दुसरी. आज एकाच थेंबातले शेकडो रेणू एका दमात मोजता येतात. ते कसे, हे पाहू.

गर्दी पांगवा, मग शर्यत लावा

बोरीवली स्टेशनात लोकल आली, की सगळे प्रवासी एकदमच उतरतात. पण स्टेशनाबाहेर ते एकदम पोचतात का? कोणी तडक चालू लागतो, कोणी भाजीवाल्यापाशी थांबतो, कोणी वर्तमानपत्र घेतो. जो जितका रेंगाळेल, तो तितका उशिरा पोचेल. रेणूंचेही असेच करतात. विशिष्ट पदार्थाने भरलेल्या बारीक नळीतून मिश्रण ढकलले, की त्या पदार्थाला चिकटणारे रेणू मागे पडतात आणि न चिकटणारे पुढे जातात. या युक्तीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात.

यानंतर येते आमचे पदार्थविज्ञान! रेणूंना विद्युत्‌भार देतात आणि सर्वांना सारखीच ऊर्जा देऊन निर्वात नळीत पळवतात. ऊर्जा सारखी असल्यामुळे हलका रेणू वेगाने धावतो आणि जड रेणू मागे राहतो. पोचण्याचा काळ रेणुभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ग्लुकोजचा रेणुभार १८०, नीरेतल्या मुख्य साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, ३४२. म्हणून ग्लुकोजला १०० एकक वेळ लागला, तर सुक्रोजला सुमारे १३८ लागेल. वेळ मोजला, की रेणूचे वजन कळले! हा एक प्रकारचा वस्तुमान-वर्णपटमापक.

तुम्ही विचाराल, शर्यत आहे तर आधी गर्दी पांगवायची कशाला? फ्रुक्टोज या साखरेचाही रेणुभार १८० च आहे. शर्यतीत ती आणि ग्लुकोज बरोबरच पोचणार. त्यांना वेगळे करायचे तर ते आधीच्या नळीतच केले पाहिजे.

आता नीरेचे कोडे सोडवू. यीस्ट आणि इतर सूक्ष्मजीव सुक्रोज फोडून ग्लुकोज व फ्रुक्टोज करतात. मग यीस्ट १८० भाराच्या एका रेणूपासून ४६ भाराचे अल्कोहोलचे दोन आणि ४४ भाराचे कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू करते. बेरीज करून पाहा, १८० भरते की नाही? फेस येतो तो या वायूमुळेच. तासातासाने नीरेचे नमुने घेतले, तर एक रेणू कमी होताना आणि दुसरा वाढताना आपल्याला आकड्यांत दिसेल.

हीच पद्धत दवाखान्यातही उपयोगी पडते. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात फिनाइलअलॅनिन हे अमिनो आम्ल फार वाढलेले दिसले, तर बाळाला जन्मजात दोष असू शकतो. तो वेळीच ओळखून आहार बदलला, तर बाळाच्या मेंदूची हानी टळते.

संगणकाचे काम

एका नमुन्यातून हजारो नोंदी मिळतात. त्या ज्ञात रेणूंच्या सूचीशी ताडून पाहायच्या. कॅनडात तयार झालेल्या मानवी मेटॅबोलोमच्या अशा एका सूचीत दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत. हे काम हाताने कसे व्हावे?

कमलाबाईंना बटाट्यात सापडलेले सायटोक्रोम-सी आठवते ना? त्याच प्रथिनाने जैवमाहितीशास्त्रालाही हात दिला. माणसाचे सायटोक्रोम-सी म्हणजे १०४ अमिनो आम्लांची माळ. चिंपांझीची माळ हुबेहूब तशीच. घोड्याच्या माळेत १२ मणी वेगळे. १९६७ साली फिच आणि मार्गोलिॲश यांनी वीस सजीवांच्या अशा माळा संगणकाने ताडून त्यांचा वंशवृक्ष मांडला. आपल्याकडे पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. तेथील डॉ. अशोक कोळस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली एक रीत प्रसिद्ध केली. प्रथिनाच्या माळेतील कोणता भाग आपली प्रतिकारशक्ती ओळखेल, याचा अंदाज तिने बांधता येतो.

पण एक गोष्ट विसरू नका. नमुना पहाटेचा की दुपारचा, मडक्याला चुना होता की नव्हता, हे संगणकाला ठाऊक नसते. ते टिपून ठेवणे माणसाचे काम. ही नोंद चुकली, तर पुढचे सगळे गणित बरोबर असूनही उत्तर चुकते.

या क्षेत्रात यायचे असेल, तर रसायन, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान आणि गणित यांपैकी कशालाही आत्ताच नावडते ठरवू नका. आणि ‘हे तुझे काम नव्हे’ असे कोणी म्हटले, तर कमलाबाईंना आठवा.

करून पाहा

पांढऱ्या खडूवर, टोकापासून बोटभर वर, काळ्या स्केचपेनने गोल रेघ काढा. बशीत थोडे पाणी घेऊन खडू त्यात उभा करा. रेघ मात्र पाण्याच्या वर राहिली पाहिजे. पाणी चढू लागेल तसे काळ्या रंगातून निरनिराळे रंग वेगळे होऊ लागतील. कोणता रंग सर्वांत वर गेला आणि कोणता मागे रेंगाळला, हे वहीत लिहा. नंतर दुसऱ्या कंपनीचे स्केचपेन घेऊन तोच प्रयोग करा. दोन्ही काळे रंग आतून सारखेच निघतात का, पाहा बरे!