मुक्कामाच्या गाडीची आक्का

मुक्कामाची गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना आधी सांगायला हवं. नाहीतर आक्का आमची कोण होती ते कळायचं नाही. संध्याकाळी तालुक्याहून सुटलेली शेवटची एसटी आडवळणाच्या गावाला पोचते, रात्रभर तिथंच उभी राहते आणि पहाटे दुधाच्या किटल्या, शाळा-कॉलेजची पोरं, कोर्टकचेरीची माणसं घेऊन परत फिरते. ड्रायव्हर-कंडक्टरनं रात्र त्याच गावात काढायची. कुठं ग्रामपंचायतीची खोली मिळते, कुठं देवळाची ओसरी, नाहीतर गाडीतल्या शीटा आहेतच. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. पुढं ती डोंगराडोंगरांत शिरली आणि अशा कितीतरी गावांत मुक्कामाच्या माणसांना कुणीतरी एका घरानं आपलं मानलं. त्या घरांची नोंद कंडक्टरच्या कुठल्याही वेबिलावर नाही.

मी भोरला कंडक्टर होतो. वेळवंड खोऱ्यात, भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेनं जाणाऱ्या रस्त्यावर आमचा मुक्काम असे आणि तिथलं ते घर आक्काचं होतं. गेल्या आषाढात ती गेली. तिच्या-माझ्या वयात पंचवीसेक वर्षांचं अंतर, तरी मी तिला मैत्रीणच म्हणेन. मनात येईल ते तिला सांगावं आणि तिनं तोंडावर सुनवावं, असं दुसरं माणूस मला आयुष्यात मिळालं नाही.

तिचं माहेर वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या पायथ्याचं. मेंगाईच्या जत्रेचं नाव काढलं की म्हातारपणीही तिचा चेहरा खुलायचा. लग्न झाल्यावर राजगडाच्या अंगाची खिंड पायी चढून ती इकडं भोरच्या बाजूला उतरली. वरातीत बैलगाडी नव्हती, कारण तिथं गाडीवाटच नव्हती. वय विचारलं तर म्हणायची, "गांधीबाबाला मारलं तवा मी गुरं राखायची." म्हणजे १९४८ साल. त्याच वर्षी ८ मार्चला पंतसचिवांचं भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असणार. आधार कार्डावर मात्र तिचा जन्म १ जानेवारी १९५० चा. तारीख ठाऊक नसलेल्या किती माणसांचा वाढदिवस असा एक जानेवारीला लावून दिलेला आहे! त्यामुळं २०२२ च्या ऑगस्टात पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली तरी आक्का शेवटपर्यंत अर्धं तिकीट काढत राहिली. दुरुस्ती करून घेऊ म्हटलं तर म्हणाली, "सरकारनं मला तरणी केलीया, ऱ्हाऊ दे की. तुज्या मशिनीला चार पैसं मिळत्यात."

तिच्या तोंडाला सगळा मार्ग वचकून असे. गाडीत चढली की आधी नजर फिरवायची. एकदा दाराजवळच्या शीटवर तीन पोरं ऐसपैस बसलेली आणि दिवस गेलेली एक बाई दांडीला धरून उभी. मी तिकिटं फाडत मागं होतो. आक्काचा आवाज आला, "तुमच्या गुडघ्याला काय झालंय रं? ही पोटुशी हाय, दिसंना व्हय?" तिघंही ताडकन उठले. ती तेवढ्यावर थांबली नाही. बाईला बसवलं, पिशवीतून दोन पेरू काढले आणि एक त्या उभ्या पोरांच्या हातावर ठेवला. "वाटून खावा. आन् आयला सांगू नका, म्हातारी वरडली म्हून."

असं तिचं नेहमीचं. बोल लावायचा आणि लगेच काहीतरी हातावर ठेवायचं. निवडणुकीत हात जोडून कुणी दारात आलं की आधी विचारायची, "पाच वर्सं कुठं हुतास?" पण त्याला घोंगडीवर बसवून चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. मी मुक्कामाला उतरलो की दुरूनच माझं तोंड वाचायची. "घरी भांडून आलास? जेव आदी. मग कुनाची चूक हाय ती मी सांगते." आणि खरंच सांगायची. माझ्या बायकोला तिनं कधी पाहिलंही नव्हतं, पण बाजू मात्र बहुतेक वेळा तिचीच घेई.

जेवण म्हणजे काय, तर जे घरात शिजलं असेल ते. भाकरी, हुलग्याचं पिठलं, पावसाळ्यात ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण. पण भाताबद्दल तिचा एक हट्ट होता. भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. पूर्वी इथं आंबेमोहोर फार. वास आंब्याच्या मोहराचा, पण ताटं उंच वाढतात, वाऱ्यापावसात लोळतात आणि उतारा कमी. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी आली, तीही आंबेमोहोराच्याच वाणापासून काढलेली. तिनं उतारा वाढवला आणि बघता बघता सगळी खाचरं धरली. आक्कानंही इंद्रायणी लावली, पण विहिरीजवळचं एक लहान खाचर आंबेमोहोरासाठी राखून ठेवलं. त्याचं बी ती स्वतः निवडायची. कणगीतलं नाही, खळ्यावर झोडायच्या आधीच चांगल्या लोंब्या वेगळ्या काढून त्यांचं. हातावर दाणे घेऊन, डोळे बारीक करून, फुटका, काळा डाग पडलेला एकेक दाणा अंगठ्यानं बाजूला सारत बसायची. लेक म्हणायचा, एवढ्याशा रानात परवडत नाही. तिचं उत्तर ठरलेलं: "इंद्रायणी इकायला, आंबेमोहर पावन्याला." ते पाहुणे म्हणजे बरेचदा आम्हीच, खाकी कपड्यातले.

तिच्या घराच्या दाराची चौकट घरापेक्षा जुनी होती. जाड सागवानी, खालच्या अंगाला पाण्यानं काळवंडलेली. ती चौकट धरणाखाली गेलेल्या घराची. वेळवंडी नदीवरचं भाटघरचं धरण इंग्रजांनी १९२८ ला पुरं केलं. तेव्हाचं त्याचं नाव लॉइड धरण, आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी त्यात मावतं आणि नीरेच्या कालव्यांनी ते बारामती, इंदापूर, फलटणकडं जातं. खोऱ्यातली गावं वर सरकली, डोंगराच्या कुशीला चिकटली. आक्काच्या सासूनं ते उठणं पाहिलं होतं. जातं, देव आणि ही चौकट एवढं डोक्याखांद्यावरून वर आणलं, असं ती सुनेला सांगायची आणि सुनेनं ते मला सांगितलं. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि काठावरच्या बायका चिखल तुडवत हंडे आणतात. "धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण तिच्या तोंडून ऐकताना ती म्हण वाटायची नाही.

पण तिची तक्रारही कशी, तर माणसं जोडणारी. धाकटी लेक तिनं नीरेच्या कालव्यावरच्या गावात दिली. पहिल्यांदा तिकडं गेली आणि हिरवागार ऊस पाहून व्याह्यांना सरळ म्हणाली, "आमच्या सासऱ्याच्या खाचरावर जे पानी उभं हाय त्येच्यावर तुमचा ऊस वाडतोय. वर्साला साकर तरी धाडा." व्याही आधी चपापले, मग हसले. तेव्हापासून दर दिवाळीला तिच्याकडं साखरेचं पोतं यायचं. ते फोडून आळीत घराघरांत वाटायची.

मे महिन्यात पाणी आटलं की कांबऱ्याजवळ नदीच्या पात्रातून कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं. लोक पांडवांनी बांधलं म्हणतात; काही असो, इतकी वर्षं पाण्यात राहून ते दगड उभे आहेत, हे डोळ्यांनी पाहावं असं आहे. आक्काबरोबर मी तिथं गेलो होतो. भेगाळलेल्या गाळातून ती काठी टेकत पुढं. देवळापाशी पुण्याची काही मुलं बूट घालून दगडांवर चढली होती, मोबाइलवर शूटिंग चाललेलं. आक्का खालून म्हणाली, "बूट काढ रं. देव दहा म्हैनं पान्यात हुता, म्हून त्येला कुनी वाली न्हाई आसं समजू नगं." मुलं उतरली. मग तिनंच त्यांना गाभाऱ्यातला गाळ हातानं उपसायला लावलं, पिंडीवर पाणी घालायला लावलं आणि आपल्याजवळची भाकरी-चटणी त्यांच्यात वाटली. त्यातला एक मुलगा पुढं दर मे महिन्यात यायचा, देवापेक्षा तिच्यासाठी.

शेवटचं वर्ष अंथरुणात गेलं. आवाज बसला, तरी बोलणं बसलं नाही. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "माज्या धाव्याला भाषणं करायची न्हाईत. खोटं बोलत्यात मेली." आमच्याकडं दशक्रियेला प्रवचन होतं आणि मग पुढारी उठून श्रद्धांजली वाहतात, ते तिला कधीच रुचलं नव्हतं. मुलांनी तिचा शब्द पाळला. नदीकाठी प्रवचन झालं आणि माईक बंद केला.

पण माणसं उठेनात. मग कुणीतरी, बसल्याजागीच, आक्का आपल्याला काय बोलली होती ते सांगितलं. मग दुसऱ्यानं. सरपंचानं घोंगडीवरचा चहा सांगितला. व्याह्यांनी साखरेची गोष्ट सांगितली. शेवटी आमच्यातला एक निवृत्त ड्रायव्हर उभा राहिला. कितीतरी वर्षांपूर्वी तो एका मुक्कामी रात्री पिऊन आला होता. पहाटे उठून बघतो तर गाडीची चावी नाही. गाडी भरलेली, लोक खोळंबलेले, आणि आक्का ओट्यावर शांत बसलेली. चावी तिनं भाताच्या कणगीत टाकली होती. त्याला ताकभाकरी खायला घातली, दोन तांबे पाणी डोक्यावर ओतायला लावलं, जवळ बोलावून त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि मगच कणगीत हात घातला. तक्रार कुणाकडं केली नाही. पुढं तो दिसला की प्रत्येक वेळी मात्र सगळ्यांदेखत विचारायची, "आज त्वांड दाव." त्यानं दारू सोडली. हे सगळं त्यानं पन्नास-साठ माणसांसमोर, स्वतःच्या लेकाला शेजारी उभं करून सांगितलं.

"गाडी तासभर लेट झाली," तो म्हणाला, "आणि लोक ओरडायला लागले, तेव्हा म्हातारी त्यांच्यावरच उखडली. म्हणाली, बसा गप. त्येचीबी पोरं घरी वाट बगत्यात."