खुर्ची जागची का हलत नाही?

फर्निचरच्या दुकानाचं ॲप उघडून फोन दिवाणखान्यात धरला, की पडद्यावर आपल्याच फरशीवर एक खुर्ची उभी राहते. तिच्याभोवती चक्कर मारली तर तिची पाठ दिसते, वाकून पाहिलं तर बैठकीचा खालचा भाग दिसतो, मागे सरकलं तर ती लहान होते. खुर्ची अर्थातच तिथे नसते. ऑगमेंटेड रिॲलिटीची, म्हणजे एआरची, ही सगळ्यांत ओळखीची करामत. पाहणाऱ्याला नवल वाटतं ते खुर्चीच्या हुबेहूब चित्राचं. पण चित्र काढणं संगणकाला केव्हाचंच जमतं. अवघड काम वेगळं आहे. आपला हात थरथरतो, आपण चालतो, वळतो, आणि तरीही ती खुर्ची फरशीच्या त्याच कोपऱ्याला धरून राहते. माझ्या मते एआरचा जवळपास साठ वर्षांचा इतिहास हा या एका गोष्टीसाठी केलेल्या खटपटीचा इतिहास आहे, आणि पुढे एआर कुठवर जाईल हेही त्यावरच ठरणार आहे.

अगदी सुरुवातीचं यंत्र पाहा. अमेरिकेत १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पडदा तयार केला. दोन डोळ्यांसाठी दोन छोट्या पिक्चर ट्यूब आणि त्यांवरचं चित्र डोळ्यांत सोडणारे अर्धपारदर्शक आरसे. त्यातून समोरची खोली दिसे आणि त्याच खोलीत नुसत्या रेषांचा एक घनही तरंगताना दिसे. डोकं वळवलं की घनाची दुसरी बाजू समोर यायची. त्यासाठी डोकं कुठे आहे आणि कुणीकडे वळलं आहे हे यंत्राला सतत कळणं भाग होतं. म्हणून छतापासून एक यांत्रिक दांडा खाली आणून डोक्यावरच्या साधनाला जोडला होता. त्याचे सांधे किती वळले यावरून संगणक हिशेब करायचा. डोक्यावर लोंबणाऱ्या या दांड्यापायी यंत्राला ‘डॅमोक्लीसची तलवार’ असं नाव पडलं. पडदा डोक्यावर मावला, डोक्याची जागा मोजणारं यंत्र मात्र छताला टांगावं लागलं.

‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव आलं ते विमानाच्या कारखान्यातून. बोइंगमध्ये विमानातल्या वायरिंगचे जुडगे मोठमोठ्या फळ्यांवर मांडून बांधले जात. प्रत्येक रचनेसाठी वेगळी फळी, वेगळा नकाशा. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या तिथल्या दोन संशोधकांनी १९९२ मध्ये सुचवलं, की फळी कोरीच ठेवावी आणि पुढची वायर कुठून न्यायची ती रेघ कामगाराच्या डोळ्यांसमोर दाखवावी. रेघ चार बोटं बाजूला सरकली तर वायर चुकीच्या खुंटीला जाणार, म्हणजे नेमकेपणाला इथे पर्याय नव्हता. पुढे १९९७ मध्ये रोनाल्ड अझुमा यांनी एआरच्या तीन अटी सांगितल्या, त्या आजही लागू आहेत: खरं आणि आभासी एकत्र दिसलं पाहिजे, ते त्याच क्षणी प्रतिसाद देणारं हवं, आणि आभासी वस्तू खऱ्या जागेत तिन्ही मितींत बसलेली हवी. तिसरी अट सगळ्यांत महागात पडणारी.

ती अट टीव्हीवर पुरी झालेली लोकांनी पाहिली ती १९९८ मध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर. प्रक्षेपणात मैदानावर एक पिवळी रेघ दिसू लागली. खेळाडू तिच्यावरून धावत आणि त्यांच्या पायांखाली ती झाकली जाई, जणू गवतावर रंगवलेलीच. कॅमेरा किती वळला, किती झुकला, किती झूम झाला हे मोजणारे सेन्सर कॅमेऱ्याच्या स्टँडवर बसवले होते आणि मैदानाचं मोजमाप आधीच घेतलेलं होतं. रेघ रंगवायची ती फक्त गवताच्या रंगाच्या ठिपक्यांवर. जर्सीचा किंवा कातडीचा रंग आला की ती जागा सोडून द्यायची. पण हे साधलं कारण कॅमेरा एका जागी रोवलेला होता आणि मैदान मापून ठेवलेलं होतं. आपल्या घराचं असं मोजमाप कुणी घेतलेलं नसतं, आणि फोन तर हातातच असतो.

मधली पायरी होती खुणेची. हिरोकाझू काटो आणि मार्क बिलिंगहर्स्ट यांच्या १९९९ च्या एआरटूलकिटमध्ये जाड काळ्या चौकटीचा कागद टेबलावर ठेवायचा. चौकटीची खरी लांबी माहीत असते. कॅमेऱ्याला ती तिरपी दिसली, की तिच्या चार कोपऱ्यांच्या जागांवरून कॅमेरा किती लांब आणि कोणत्या कोनात आहे हे भूमितीने काढता येतं. युक्ती साधी आणि भरवशाची, पण कागदावर हात पडला आणि एक कोपरा झाकला, की सगळं चित्र गायब. खुणेशिवाय हेच कसं करायचं याचं सुरेख उत्तर २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या जॉर्ज क्लाइन आणि डेव्हिड मरे यांनी दिलं. अनोळखी जागेचा नकाशा बनवणं आणि त्या नकाशात स्वतःची जागा शोधणं ही दोन कामं त्यांनी एकाच वेळी, पण वेगवेगळी चालवली. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, ॲपलचं एआरकिट आणि गुगलचं एआरकोर जाहीर झालं, आणि कोट्यवधी लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये ही क्षमता आली. त्यासाठी नवा फोन घ्यावाच लागला असं नाही. लागणारे कॅमेरा आणि सेन्सर फोनमध्ये आधीपासूनच होते.

आता फोनच्या आत काय चालतं ते सावकाश पाहू.

ॲप उघडलं की ते म्हणतं, फोन हळूहळू इकडेतिकडे फिरवा. तेव्हा कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात फोन ठळक ठिपके शोधत असतो. सपाट रंगाचा भाग त्याच्या कामाचा नाही, कारण तिथली एक जागा शेजारच्या जागेसारखीच दिसते. नुसती सरळ कडही पुरत नाही, कारण तिच्यावरून घसरलं तरी कळत नाही. हवा तो कोपरा, जिथे उजेड-अंधार दोन्ही दिशांनी बदलतो. जुन्या घरातली मोझॅकची फरशी या कामाला फार छान, कारण तिच्यातली प्रत्येक चिप वेगळ्या आकाराची असते. नव्या फ्लॅटमधली पांढरी, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल मात्र फोनला चकवते. तिच्यावर पकडण्यासारखं काही नसतं, आणि जे दिसतं ते ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. प्रतिबिंब तर फरशीच्या पृष्ठभागावर नसतंच, ते फरशीच्या तितकंच खाली असल्यासारखं दिसतं, जितकी ट्यूब वर आहे. मग फोनचा हिशेब बिघडतो आणि खुर्ची तरंगू लागते. अशा वेळी फरशीवर एखादं छापील वर्तमानपत्र अंथरून पाहा. फोनला लगेच धरायला ठिपके मिळतात.

ठिपके मिळाले की अंतर कसं कळतं? एस.टी.च्या खिडकीतून जवळचं झाड झर्रकन मागे जातं आणि लांबचा डोंगर सोबत चालल्यासारखा वाटतो, तेच तत्त्व. फोन थोडा बाजूला सरकला, की जवळचे ठिपके चित्रात जास्त सरकतात, दूरचे कमी. शेकडो ठिपके किती सरकले यावरून फोन स्वतः किती हलला आणि ते ठिपके अवकाशात कुठे आहेत, ही दोन्ही उत्तरं एकत्रच सोडवली जातात.

यात एक पेच उरतो. एकाच कॅमेऱ्याला खरी खोली आणि तिचं हुबेहूब छोटं खेळण्यातलं रूप यांत फरक सांगता येत नाही. भूमिती दोन्हींकडे सारखीच. खुर्ची ९० सेंटिमीटर उंच दाखवायची तर मीटरची पट्टी कुठून तरी आली पाहिजे. ती येते त्वरणमापकाकडून, म्हणजे फोन आडवा केल्यावर पडदा फिरवणाऱ्या त्याच चिपकडून. तो आणि वळणं मोजणारा जायरोस्कोप मिळून सेकंदाला शेकडो वेळा फोनची हालचाल नोंदवतात. मग कॅमेरा हवाच कशाला? कारण त्वरणावरून अंतर काढताना बारीकशी चूकही वेळेच्या वर्गाने वाढत जाते. त्वरणात सेकंदवर्गाला ०.१ मीटर एवढीच चूक सतत राहिली, तर दहा सेकंदांनी जागच्या जागी असलेला फोन ५ मीटर सरकला असा हिशेब निघेल. ही घसरण कॅमेरा क्षणोक्षणी सावरतो. उलट हात झटक्यात हलला आणि चित्र अस्पष्ट झालं, तर तेवढा वेळ सेन्सर निभावून नेतात. एकाची उणीव दुसरा भरून काढतो, यावरच सगळा डोलारा उभा आहे. मला या तंत्रातला सगळ्यांत देखणा भाग हाच वाटतो.

पुढचं सोपं. एका पातळीत बसणारे बरेच ठिपके सापडले आणि ती पातळी गुरुत्वाकर्षणाला काटकोनात असली, की ती फरशी. मग खुर्ची तिथे ‘रोवायची’, खोलीतल्या उजेडाचा अंदाज घेऊन तिची सावली पाडायची. खऱ्या टेबलामागे खुर्ची झाकली जायला हवी असेल तर प्रत्येक ठिपक्याचं अंतर लागतं. त्यासाठी काही महागड्या फोनमध्ये लायडार असतो. तो अदृश्य प्रकाश सोडतो आणि तो किती वेळात परत येतो ते मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, यावरून हे मोजमाप किती बारीक असावं लागतं ते लक्षात येईल.

फोनमध्ये जमलं ते चष्म्यात लगेच का जमत नाही, हा प्रश्न मग साहजिक आहे. फोनच्या पडद्यावर खोली आणि खुर्ची दोन्ही चित्रंच असतात. चित्र तयार व्हायला उशीर झाला तर दोघांनाही सारखाच होतो, म्हणून ती एकमेकांना सोडत नाहीत. पारदर्शक चष्म्यातून मात्र खरी खोली विनाविलंब दिसते, उशीर फक्त खुर्चीला होतो. डोकं सेकंदाला १०० अंश या वेगाने वळलं आणि चित्र ५० मिलिसेकंद उशिरा आलं, तर खुर्ची ५ अंश मागे राहते. हाताच्या अंतरावर ही चूक सुमारे ५ सेंटिमीटर होते. बोइंगच्या फळीवर ती चुकीची खुंटी ठरली असती. ॲपलने २०२४ मध्ये विक्रीला आणलेल्या व्हिजन प्रोने ही अडचण बाजूला ठेवली. त्यातून खरं जग दिसतच नाही, कॅमेऱ्यांनी टिपलेलं दिसतं, आणि ते १२ मिलिसेकंदांत डोळ्यांपर्यंत पोचतं असं कंपनी सांगते. पण त्यासाठी ६०० ग्रॅमहून जास्त वजन चेहऱ्यावर वागवावं लागतं.

पारदर्शक चष्म्याची दुसरी अडचण प्रकाशाची. त्याची काच बाहेरून येणाऱ्या प्रकाशात भर घालू शकते, त्यातून काही वजा करू शकत नाही. त्यामुळे त्यात काळा रंग दाखवता येत नाही, आणि सावली पाडणंही कठीण. भर उन्हात पांढऱ्या भिंतीची तेजस्विता ३० हजार निट्सच्या घरात जाते. मेटाने २०२५ मध्ये आणलेल्या ६९ ग्रॅमच्या रे-बॅन डिस्प्लेचा पडदा ५ हजार निट्सपर्यंत जातो आणि तो एकाच डोळ्यासमोर असतो, २० अंशांच्या चौकटीत. संदेश वाचायला, रस्ता शोधायला तेवढं पुरतं. अंगणात खुर्ची उभी करायला पुरत नाही. त्याच कंपनीने २०२४ मध्ये दाखवलेल्या ओरायन या नमुन्यात ७० अंशांची चौकट होती, वजन १०० ग्रॅमच्या आत होतं, पण त्याच्या सिलिकॉन कार्बाइडच्या भिंगांचा खर्च परवडेना म्हणून तो विक्रीला आलाच नाही.

म्हणून चष्मा उद्याच फोनची जागा घेईल या भाकितावर माझा विश्वास नाही. जिथे जागा लहान आहे आणि गरज खरी आहे तिथे एआर आधी रुजेल. शिरा शोधणारं उपकरण घ्या. रक्तातलं हिमोग्लोबिन निकट-अवरक्त किरण शोषून घेतं, त्यामुळे कॅमेऱ्याला शिरा गडद दिसतात, आणि तेच चित्र लगेच रुग्णाच्या हातावर उजेडाने उमटवलं जातं. चष्मा नाही, पडदा नाही, त्वचाच पडदा. चित्र जागेवर बसवण्याची अडचण तिथे जवळपास उरतच नाही. शीर न सापडणाऱ्या लहान मुलाला सुई लावायची वेळ आलेल्या परिचारिकेसाठी याहून मोलाची एआर मला तरी दिसत नाही.

मोठ्या जागेचा प्रश्न आता नकाशाकडे वळला आहे. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस सुमारे ५ मीटरपर्यंत नेमकं असतं. एवढ्या चुकीने एका दुकानाची आभासी पाटी शेजारच्या दुकानावर लागते. म्हणून फोन समोरचं दृश्य आधी काढून ठेवलेल्या चित्रांशी जुळवतो आणि त्यावरून आपली जागा ओळखतो. गुगल यासाठी स्ट्रीट व्ह्यूचा साठा वापरतं, आणि ती सेवा जुलै २०२२ मध्ये भारतात परतली तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. असा नकाशा घराच्या आतलाही बनतो, आणि तो कुणाकडे राहतो हे विचारायलाच हवं. नुसते ठिपके साठवले आहेत, फोटो नाहीत, हे उत्तर पुरेसं नाही. अशा ठिपक्यांच्या माहितीतून मूळ खोलीचं ओळखू येण्याइतकं चित्र पुन्हा तयार करता येतं, हे संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं आहे.

रायगडावर हे सगळे प्रश्न एकदम समोर येतात. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत गडावरचे वाडे जळाले, आज उरली आहेत ती जोती. त्या जोत्यांवर वाडा उभा राहिलेला पाहावा असं कुणाला वाटणार नाही? घडीव दगड ठिपके शोधायला उत्तम आहे. पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि गवत चढतं, श्रावणात धुकं दहा पावलांवरचं दिसू देत नाही, मे महिन्याच्या उन्हात चष्म्यातलं चित्र पुसट होतं. एकाच ऋतूत घेतलेला नकाशा चालणार नाही, गड वर्षातून अनेकदा टिपावा लागेल. आणि जोत्यावरून वाड्याची लांबी-रुंदी कळते, उंची आणि छप्पर कळत नाही. तिथे जो भाग पुराव्यावर उभा आहे तो भरीव दाखवावा आणि जो तर्काने जोडला आहे तो नुसत्या रेषांत, सदरलँडच्या घनासारखा. तांत्रिकदृष्ट्या हे करणं सोपं आहे. फक्त ते काम सुरू होतानाच ठरवून घ्यावं लागेल, कारण एकदा डोळ्यांसमोर भरीव वाडा उभा राहिला, की त्यातला कोणता खांब खरा आणि कोणता अंदाजाचा हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही.