सापडायला सोपे, ओळखायला कठीण

६ जून २०१२च्या सकाळी शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकला. त्या अधिक्रमणात शुक्रानं सूर्याचा जेमतेम हजारावा भाग झाकला होता. परग्रह शोधायची आजची सर्वांत यशस्वी रीत हीच: ताऱ्याकडे टक लावून बसायचं आणि तो किंचित मंदावतो का ते पाहायचं.

पृथ्वीच्या जुळ्या भावंडाबाबत मात्र ही रीत फार चिवट परीक्षा घेते. दूरच्या कुणी आपली सूर्यमाला न्याहाळली, तर पृथ्वी आड आल्यावर सूर्य १२ हजारांत एका भागानं मंदावेल. तेही वर्षातून एकदा, काही तासांपुरतं. आपली कक्षा त्याच्या नजरेच्या रेषेत असण्याची शक्यताही दोनशेत एक. खात्रीसाठी निदान तीन अधिक्रमणं हवीत, म्हणजे दोन-तीन वर्षांची चिकाटी. २००९ साली झेपावलेल्या केपलर दुर्बिणीनं चार वर्षं दीड लाखाहून जास्त ताऱ्यांवर नजर ठेवली. २०१३पर्यंत तिला स्थिर ठेवणाऱ्या चारपैकी दोन चाकांनी दगा दिला. तिच्या नावावर २६००हून अधिक ग्रह जमा आहेत. पण सूर्यासारख्या ताऱ्याभोवती वर्षभरात फेरी मारणारा, पृथ्वीएवढा ग्रह निर्विवादपणे हाती लागला नाही.

मग मोहरा वळला लहान, लाल ताऱ्यांकडे. तारा लहान, म्हणजे आड येणारा ग्रह त्याचा मोठा हिस्सा झाकणार. तारा थंड, म्हणजे पाणी द्रवरूप राहील असा पट्टा ताऱ्याला खेटून, आणि तिथलं वर्ष मोजक्या दिवसांचं. कुंभ राशीतला, ४० प्रकाशवर्षांवरचा ट्रॅपिस्ट-१ हा असाच तारा. आकारानं गुरूपेक्षा थोडाच मोठा. बेल्जियमच्या मिकाएल गियाँ यांच्या चमूनं चिलीतल्या अवघ्या ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून त्याचे ग्रह हेरले. २०१६च्या त्या शोधात लडाखमधल्या हानले इथल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीची निरीक्षणंही होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. पुढच्याच वर्षी ग्रहांची संख्या सातवर गेली. साती कक्षा बुधाच्या कक्षेत आरामात मावतील. त्यांतल्या ‘ई’ या ग्रहाचं वर्ष सहा दिवसांचं. तो आकारानं पृथ्वीच्या जवळपास आणि अंतरानंही मोक्याच्या जागी.

बातम्यांना एवढं पुरतं. मला ते पुरेसं वाटत नाही. आकारानं शुक्रही पृथ्वीसारखाच आहे, आणि तिथं शिसं वितळतं! प्रश्न हवेचा आहे. लाल खुजे तारे तापट असतात. त्यांच्या भडक्यांपुढे जवळच्या ग्रहांचं वातावरण टिकतं का? जेम्स वेब दुर्बिणीनं २०२३मध्ये सर्वांत आतल्या ‘बी’चं तापमान मोजलं. दिवसाच्या बाजूला सुमारे २३० अंश सेल्सिअस. दाट वातावरणाची खूण नाही. ‘ई’चा निकाल लागायचाय, आणि घोळ ताऱ्यानंच घातलाय. अधिक्रमणावेळी ग्रहाच्या हवेतून गाळून आलेला प्रकाश तपासायचा, तर ताऱ्यावरचे डाग त्यात आपली भेसळ करतात. ज्या ताऱ्यानं ग्रह पटकन दाखवले, तोच आता त्यांच्याबद्दल नीट बोलू देत नाही.

तोडगा शोधलाय तो मजेदार आहे. ‘बी’ आणि ‘ई’ थोड्या वेळाच्या अंतरानं ताऱ्यासमोरून जातात, तेव्हा दोघांची निरीक्षणं घ्यायची. ‘बी’ उघडाबोडका खडक धरला, तर त्याच्या वेळी वर्णपटात जे दिसेल ते निव्वळ ताऱ्याचं. ते ‘ई’च्या नोंदीतून वजा करायचं, आणि उरेल त्यात हवा शोधायची.