आजीच्या रक्ताची साक्ष

अर्जेंटिनामध्ये 1976 ते 1983 या काळात लष्करी राजवट होती. तिने पकडून नेलेल्या कित्येक स्त्रिया गरोदर होत्या. बंदिवासात त्या प्रसूत झाल्या, पुढे मारल्या गेल्या. त्यांची अर्भके बहुधा राजवटीच्या मर्जीतील कुटुंबांकडे गेली. कागदोपत्री ती कधी दत्तक ठरली, कधी त्या घरचीच अपत्ये म्हणून नोंदली गेली. या नातवंडांच्या शोधासाठी आज्यांनी 1977 मध्ये संघटना उभारली. त्यांच्या अंदाजाने अशी मुले सुमारे 500 होती.

परंतु मूल सापडले तरी ते आपलेच, हे सिद्ध कसे करावयाचे? पितृत्वाच्या तपासणीत मुलाचे रक्त आईबापांच्या रक्ताशी ताडून पाहतात. येथे तर आईबापच नाहीसे झालेले! 1984 मध्ये अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ मेरी-क्लेअर किंग त्यांच्या साहाय्यास गेल्या. पांढऱ्या रक्तपेशींवरील प्रतिजने माणसागणिक फार भिन्न असतात. आजीआजोबांची प्रतिजने मुलाच्या प्रतिजनांशी केवळ योगायोगाने जुळण्याचा संभव किती, याचे गणित मांडण्यात आले. मात्र आजीआजोबांपैकी एखादेच हयात असेल, तर हे गणित लंगडे पडे.

ती उणीव डीएनएने बरीच भरून काढली. पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए अपत्यास केवळ आईकडून मिळतो. म्हणून आईच्या आईचा, ती नसल्यास मावशीचा वा मामाचाही, तो डीएनए मुलाच्या डीएनएशी जुळतो. अर्थात त्यावरून मातृकुळ तेवढे कळते. नेमके नाते ठरविण्यास इतर खुणा पाहाव्याच लागतात.

आज्या थकत चालल्या होत्या. त्यांचे रक्त जपून ठेवण्यासाठी 1987 मध्ये कायद्याने राष्ट्रीय जनुकपेढी स्थापन झाली. आजवर 130 हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे; काहींची आजी तोवर हयात नव्हती.