गणिताची पदवी उशिरा घ्यायची आहे? वय सोडा, पायरी पाहा

चिमूर तालुक्यातली एखादी अंगणवाडी सेविका, वनरक्षक किंवा कोलारा प्रवेशद्वारावरचा ताडोब्याचा गाईड पस्तिशीत म्हणाला, “मला गणित घेऊन पदवी करायची आहे,” तर त्याला सल्ले बरेच मिळतात आणि त्यातले बहुतेक मागे खेचणारे असतात. हे सल्ले वाईट हेतूने दिलेले नसतात, पण ते चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. गणित हे पायऱ्यांचे शास्त्र आहे. चढणाऱ्याचे वय ते विचारत नाही, मात्र सुटलेली पायरी ते माफ करत नाही. खरी अडचण कुठे आहे हे त्यावरून ठरवावे.

गैरसमज : गणित कोवळ्या वयातच येते.
वस्तुस्थिती : या समजुतीला मोठ्या माणसांचा आधार आहे. केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांनी 1940 मध्ये गणित हा तरुणांचा खेळ असल्याचे लिहिले. पण पुरावा तेवढा सरळ नाही. अमेरिकेच्या जोन बर्मन यांनी पदवीनंतर वीस वर्षांनी, 1968 मध्ये, चाळिशी ओलांडून डॉक्टरेट मिळवली आणि पुढे त्या आपल्या शाखेतल्या अग्रगण्य अभ्यासक ठरल्या. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर 1949 मध्ये 6174 या संख्येच्या गुणधर्मापर्यंत पोहोचले, तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. ही अपवादात्मक माणसे आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्तच आहे, पण ती नवे गणित शोधत होती. पदवीला सिद्ध झालेले गणित समजून घ्यायचे असते. नव्या शोधाचे दारही चाळिशीत बंद होत नसेल, तर अभ्यासाचे दार बंद झाले असे म्हणायला आधार उरत नाही.

गैरसमज : भराभर हिशेब जमणाऱ्यानेच गणित घ्यावे.
वस्तुस्थिती : कापरेकरांचीच संख्या घ्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावावेत आणि मोठीतून लहान वजा करावी, मग आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करावे. 4321 वजा 1234 म्हणजे 3087. 8730 वजा 0378 म्हणजे 8352. 8532 वजा 2358 म्हणजे 6174. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक वेळी हीच संख्या येते. वजाबाकी चौथीतले मूलही करील. हे नेहमीच का घडते, हा प्रश्न पदवीचा आहे. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, रिअल अ‍ॅनालिसिस या विषयांत गुण मिळतात ते कारण नीट मांडता येण्याला. एका वाक्यावर तासभर थांबण्याची चिकाटी तिथे वेगापेक्षा जास्त उपयोगी पडते, आणि ती प्रौढांकडे कमी नसते.

गैरसमज : बारावीला गणित नव्हते, म्हणजे विषय संपला.
वस्तुस्थिती : इथे मात्र अडचण खरी आहे, कारण ही सुटलेली पायरी आहे. बी.एस्सी.च्या गणिताला बारावीचे गणित लागते. नियमाने मागितले नसते, तरी समजण्यासाठी ते लागलेच असते. पण पायरी नंतरही चढता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत बारावी झालेल्यालाही एखादाच विषय घेऊन परीक्षा देता येते आणि त्याला वयाची वरची मर्यादा नाही. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. फक्त प्रवेशाआधी त्या त्या विद्यापीठाचा पात्रतेचा नियम नीट वाचावा, कारण अनेक ठिकाणी बी.एस्सी.ला बारावी विज्ञानच लागते.

गैरसमज : दूरशिक्षणाची पदवी दुय्यम असते.
वस्तुस्थिती : विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे की मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. संस्थेला आणि त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, एवढे तपासणे आपल्या हाती राहते. गोंडवाना विद्यापीठ 2011 पासून चंद्रपूर-गडचिरोलीसाठी आहे, पण रोज वर्गात बसणे ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारखा (इग्नू) मार्ग उरतो. तो सोपा मात्र नाही. इग्नूच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास. 120 श्रेयांकांची पदवी म्हणजे 3600 तास. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत लांबवली, तरी आठवड्याला साधारण बारा तास लागतात. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. तेंदूपत्ता आणि पेरणीचे दिवस असोत की धानकापणीचे, जे सत्र झेपेल ते निवडता येते. पण रोवणीच्या हंगामात हुकलेले तास पुढे भरून काढावेच लागतात.

गैरसमज : गणिताचा उपयोग फक्त मास्तराला.
वस्तुस्थिती : ताडोब्यात वाघ मोजतात ते कॅमेऱ्यांनी टिपलेल्या त्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून. समजा, पहिल्या फेरीत 20 वाघ ओळखले. दुसऱ्या फेरीत 20 दिसले, त्यांतले 10 आधीचेच निघाले. दिसलेल्यांपैकी निम्मे ओळखीचे, म्हणजे ओळखलेले 20 एकूण संख्येच्या निम्मे असावेत, अंदाज 40. प्रत्यक्षातली पद्धत याहून काटेकोर असते, पण तिचे मूळ हेच. तरी नोकरीबाबत स्पष्ट बोलले पाहिजे. राज्यसेवेसारख्या परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण वयाची अट साधारणपणे खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गाला 43 वर्षे आहे. पस्तिशीत सुरू करून सहा वर्षे घेणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा. वयाचा अडथळा आहे तो भरतीच्या नियमांत.

म्हणून सल्ला विचारत फिरण्याआधी बारावीचे गणिताचे पुस्तक आणावे आणि तीन महिने आठवड्याला बारा तास त्याच्यासोबत बसून पाहावे. उदाहरणे अडतील, दहावीचे बीजगणितही पुन्हा काढावे लागेल. तेवढे करूनही पुढचे पान उलटावेसे वाटले, तर आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत आणि वर चढायची इच्छा आहे का, ही दोन्ही उत्तरे फी भरण्याआधीच हाती आलेली असतील.